रापणीचा वाटा

आमच्या घरात सहलीचा बेत ठरवण्याचा अधिकार नावापुरता माझा आहे. गेल्या वर्षी दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, तेव्हा चिरंजीवांनी जाहीर केले की, आपल्याला समुद्रात उड्या मारणारे डॉल्फिन पाहायचे आहेत. कन्येला पाण्याखालची प्रवाळे पाहायची होती. सौ.ला चार दिवस पोळ्या लाटायच्या नव्हत्या. माझी स्वतःची इच्छा एवढीच होती की, सकाळी मला कोणी उठवू नये. या चारही इच्छा एका ठिकाणी पुऱ्या होण्याजोगे गाव म्हणून तारकर्लीचे नाव निघाले आणि बेत ठरला.

वडील खिडकीपाशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. चष्मा वर करून म्हणाले, "तारकर्ली म्हणजे मालवणच ना? मी गेलो होतो मालवणला. काकांबरोबर, बोटीने." मग त्यांनी ती हकीकत सांगितली. आम्ही ती पन्नासदा ऐकली आहे. भाऊच्या धक्क्यावरची गर्दी, रात्रभर लागलेली बोट, उलट्या, आणि सकाळी आगबोट दूर उभी राहून पडावातून किनाऱ्यावर उतरणारे उतारू. हकीकत संपल्यावर ते जरा थांबले. त्या थांबण्याचा अर्थ आम्हां सर्वांना कळला होता. पण वय ब्याऐंशी, गुडघे दुखरे, प्रवास रात्रीचा. "तुम्हांला झेपायचं नाही, अण्णा," असे मीच म्हणालो. ताईने त्यांना चार दिवस आपल्याकडे नेले.

आता बोटी नाहीत. 1998 साली कोकण रेल्वे पुरी झाली आणि रात्री दादरला गाडीत बसलेला माणूस सकाळी कुडाळला चहा पिऊ लागला. हल्ली चिपीला विमानतळही झाला आहे. पण विमानात पुस्तक वाचून होत नाही, म्हणून मला गाडीच बरी वाटते. वाचनालयातून बरोबर घेतलेले पुस्तक होते आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या सान लोकांविषयी. आमच्या लहानपणी भूगोलाच्या तासाला हाच माणूस 'बुशमन' या नावाने भेटायचा. हातात धनुष्य, अंगाला कातडे, आणि परीक्षेत पाच गुण. पुस्तक वाचताना कळले की, हे नाव त्यांचे नव्हे, बाहेरून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी ठेवलेले. हे लोक सुमारे एक लाख असून बोत्स्वाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत पांगलेले आहेत, आणि त्यांच्या भाषाही एक नाही, अनेक आहेत. मी मधूनमधून एखादा मजकूर मोठ्याने वाचून दाखवू लागलो, तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, आपण निघालोय कुठल्या माणसांना भेटायला? कलहारीतल्या की तारकर्लीतल्या?"

"आपण माणसांना नव्हे, डॉल्फिनला भेटायला निघालो आहोत," चिरंजीवांनी दुरुस्ती केली.

मालवणपासून तारकर्ली सहा-सात किलोमीटर. रस्ता माडांच्या सावलीतून जातो आणि दोन्ही बाजूंना घरे, कुंपणे, पडवीतले मांडव. गावाची रचना मोठी गमतीची आहे. सह्याद्रीवरून आलेली कर्ली नदी समुद्र अगदी जवळ आला असताना एकदम त्याला मिळत नाही. ती किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे वळते आणि देवबागच्या टोकाला जाऊन मिळते. त्यामुळे पश्चिमेला खारा समुद्र, पूर्वेला खाडीचे संथ पाणी आणि मध्ये रेतीची एक चिंचोळी पट्टी, अशी ही जमीन आहे. देवबागकडे जाताना ती इतकी अरुंद होत जाते की, एका अंगणात उभे राहून लाटांचा आवाज ऐकावा आणि दुसऱ्या अंगणातून नदीतली होडी पाहावी. पावसाळ्यात समुद्र ही पट्टी कुरतडतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आले तेव्हा इथले माड आणि छपरे किती उडाली आणि किती दिवस वीज नव्हती, याच्या कथा अजून प्रत्येक घरात निघतात.

आम्ही उतरलो तेही असेच एक घर होते. मागे माड, पुढे पडवी, आणि पडवीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि त्यानंतर अशा खोल्या किनाऱ्यावर जागोजाग उभ्या राहिल्या. महामंडळाचे निवासस्थान आहे, पाणबुडीचे शिक्षण देणारी संस्था आहे, खाडीत तरंगती घरे आहेत. आमचे यजमान गाबीत समाजाचे. या किनाऱ्यावरची समुद्राची विद्या पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हातात आहे ती ही माणसे. घरातल्या वहिनींनी पहिल्याच जेवणात सौ.ला विचारले, "तिखट चलता मां?" आणि उत्तराची वाट न पाहता वाढले. ते चालले, नव्हे धावले. पण त्याविषयी लिहू लागलो तर हा लेख पाककृतींच्या विभागात छापावा लागेल.

घरातला मुलगा पंचवीस-सव्वीस वर्षांचा. त्याची स्वतःची यंत्रहोडी होती आणि तिच्यातून तो पाहुण्यांना देवबागच्या संगमाकडे डॉल्फिन दाखवायला नेई. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाची वेळ ठरली. मी आगाऊ पैसे दिले. सकाळी न उठण्याची माझी एकमेव अट अशा रीतीने पहिल्याच दिवशी निकालात निघाली.

साडेसहा वाजता आम्ही चौघे टोप्या, दुर्बीण आणि पाण्याच्या बाटल्यांसह पडवीत तयार होतो. होडीवाल्याचा पत्ता नव्हता. पावणेसात झाले. सात झाले. फोन लावला तर तो घरातच खाटेखाली वाजू लागला. चिरंजीवांचे तोंड लांब होऊ लागले. माझ्यातला शहरी गिऱ्हाईक जागा झाला. पैसे आगाऊ घेतले, वेळ आपण दिली, आणि हा माणूस बेपत्ता! वहिनी अंगणात सडा घालीत होत्या. त्यांना विचारले तर हाताने समुद्राकडे दाखवून अगदी सहज म्हणाल्या, "रापणीर गेलो. बांगडो लागलो हा."

रापणीवर गेला! मी तणतणत माडांतून किनाऱ्याकडे निघालो. चार शब्द सुनावण्यासाठी मनातल्या मनात वाक्ये जुळवीत होतो. तिथल्या मऊ रेतीत पाय भराभर उचलता येत नाहीत, त्यामुळे राग चढतो पण वेग येत नाही.

सूर्य माडांच्या मागून नुकता वर येत होता. माडांच्या लांबच लांब सावल्या रेतीवर पडून थेट पाण्यात गेल्या होत्या. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता, आणि पाणी कसे तलम, इस्त्री केल्यासारखे दिसत होते. त्या पाण्यात दूरवर अर्धवर्तुळाकार काळ्या ठिपक्यांची एक माळ तरंगत होती. माळेच्या दोन्ही टोकांपासून दोन जाड दोर किनाऱ्यावर आले होते. दोन्ही दोरांना माणसे लागली होती. एकेका दोराला पंचवीस-तीस तरी असतील. पुरुष, पोरे, पदर खोचलेल्या दोन-चार बायका. सगळे मागे झुकलेले, टाचा रेतीत रुतलेल्या. आमचा होडीवाला उत्तरेकडच्या दोराला, मधल्या जागी. मला पाहून त्याने हात वर केला, पण दोर सोडला नाही.

"साहेब, आज डॉल्फिन नाय," तो ओरडून म्हणाला. "आज रापण!"

मी काही बोलणार तोच दोराच्या मागल्या टोकाला रेतीत बसलेले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "डॉल्फिन उद्यापण येतलो. बांगडो थांबाचो नाय. बघत काय रवलात? दोरयेक हात लावा!"

त्या स्वरात विनंती नव्हती, अपमानही नव्हता. पंगतीत उभ्या राहिलेल्या माणसाला 'बसा' म्हणावे तसे ते वाक्य होते. मी दुर्बीण सौ.च्या हाती दिली आणि दोराला हात लावला.

ज्यांनी रापण पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे प्रचंड जाळे. लांबी शेकडो मीटर. नारळी पौर्णिमा झाली, दर्या निवला, की तिचा हंगाम सुरू होतो. जाणता माणूस किनाऱ्यावरून पाण्याकडे नजर ठेवून असतो. एखाद्या जागी पाण्याचा रंग काळवंडतो, वर बारीक सुरकुती पडते, कुरव पक्षी घिरट्या घालू लागतात. मग कळते की, खाली बांगड्यांचा किंवा तारल्यांचा थवा आला आहे. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावर ठेवून होडी निघते आणि थव्याला वळसा घालीत जाळे सोडत सोडत दुसरीकडे किनाऱ्याला येते. जाळ्याच्या वरच्या कडेला तरंगती बोंडे असतात, खालच्या कडेला वजने. पाण्यात उभी भिंतच तयार होते म्हणा ना. मग दोन्ही बाजूंनी माणसे ओढू लागतात, आणि दोन तुकड्या ओढता ओढता एकमेकींच्या जवळ सरकतात. घाई करून चालत नाही. एक बाजू पुढे गेली तर भिंत वाकडी होते आणि मासा वाट काढतो. म्हणून मध्ये एक माणूस उभा राहून कधी या बाजूला, कधी त्या बाजूला हात करीत असतो, गायनाच्या मैफलीत ताल धरणाऱ्यासारखा.

पूर्वी हे जाळे एका मालकाचे नसेच. घराघरांतून विणलेले तुकडे आणून एकमेकांना जोडले की रापण होई. सुताची जाळी असत, ती वाळवावी लागत, सालींच्या काढ्यात बुडवून टिकाऊ करावी लागत. आता नायलॉन आले, काढा गेला. पण रापण अजून संघाचीच असते.

पहिली दहा मिनिटे मला वाटले, आपण ओढत आहोत. नंतर कळले, दोर मला ओढत होता. हाताची सालटी निघू लागली. पुढचा माणूस पाऊल मागे टाकी, तेव्हा मीही टाकी, एवढेच. चिरंजीव केव्हाच माझ्यापुढे घुसले होते. कन्या मागे त्या आजोबांपाशी गेली. ते काय करीत होते, हे मला दम घेताना दिसले. ओढला गेलेला दोर मागे येई, तो ते रेतीत बसल्या बसल्या वेटोळे घालून नीट रचीत होते. एकावर एक, गोल, न गुंतता. त्यांनी कन्येच्या हातात दोराचे शेपूट दिले होते, आणि ती जीभ बाहेर काढून अत्यंत गंभीरपणे ते धरून बसली होती.

दीड-दोन तासांनी बोंडांची माळ इतकी जवळ आली की, आतले पाणी उकळल्यासारखे दिसू लागले. मग एकदम सगळे पाण्यात धावले. जाळ्याचा घोळ किनाऱ्याला लागला आणि रेतीवर चांदीचा ढीग हलू लागला. बांगडेच बांगडे! त्यांच्यात तारले, काही मुडदुशे, रेतीशी चिकटून राहणारे चपटे लेपे, तिरप्या पळणाऱ्या कुर्ल्या, आणि रागाने फुगून चेंडू झालेला एक केंड. तो चिरंजीवांना फार आवडला. डॉल्फिनचा विषय त्या क्षणी त्यांच्या डोक्यातून गेला.

आमच्या डोळ्यांना तो ढीग म्हणजे कुबेराचा खजिना होता. मी तसे बोललोही. पण जाळ्याभोवतीचे चेहरे पाहतो तर कोणीच खूष दिसेना. एकजण म्हणाला, "ह्या काय, मांजराक पुरायचा नाय." दुसऱ्याने तोंड वाकडे केले. आजोबा तर ढिगाकडे पाहून म्हणाले, "पूर्वी एवढे आमी पाण्यात सोडून देव."

मला हसू आले, कारण हेच मी आदल्या रात्री गाडीत वाचले होते. रिचर्ड ली नावाचे एक मानववंशशास्त्रज्ञ कलहारीत राहत असताना त्यांनी नाताळच्या मेजवानीसाठी सान लोकांना एक भलामोठा, चरबीने भरलेला बैल दिला. जो येई तो म्हणे, काय हा हाडांचा सापळा आणलात! बिचारे ली हवालदिल झाले. पुढे त्यांना उलगडा झाला की, ही तिथली रीतच आहे. ज्याने मोठी शिकार आणली त्याच्या शिकारीला नावे ठेवायची, म्हणजे त्याच्या डोक्यात हवा जात नाही आणि मांस वाटताना कोणी मोठा, कोणी लहान उरत नाही. ही हकीकत त्यांनी 1969 साली लिहिली. तारकर्लीच्या रेतीत ती मला अशी अचानक भेटेल, असे वाटले नव्हते.

लिलाव तिथेच झाला. टोपल्या घेऊन बायका आल्या होत्या. बोली इतक्या भराभर चालली होती की, मला आकडे कळेपर्यंत माल टोपलीत पडलेला असे. पैशांचे वाटे मागाहून व्हायचे होते. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्यांचे वाटे. पण लिलावाआधी एक ढीग बाजूला काढून ठेवला होता, तो घरी कालवणाला न्यायचा. एक प्रौढ गृहस्थ त्याचे भाग पाडीत होते. वजन नाही, काटा नाही, नुसती नजर. पाच-पाच, सहा-सहा बांगडे रेतीवर ठेवीत ते पुढे सरकत होते. माणसे येत, आपला भाग उचलत.

आमच्यापुढेही भाग पडले. माझा एक, चिरंजीवांचा एक. मी संकोचलो. म्हणालो, "अहो, आम्ही पाहुणे. आम्ही काय ओढलं? आम्हांला कशाला?"

"जेणा हात लावल्यान, तेका वाटो," ते मान वर न करता म्हणाले, आणि कन्येपुढे तिसरा भाग ठेवला.

मग ते मागे, दोराच्या वेटोळ्यापाशी गेले आणि त्या आजोबांपुढे भाग ठेवला. मी मुद्दाम पाहिले. तो इतरांएवढाच होता. एक बांगडा कमी नाही, एक जास्त नाही.

होडीवाला घामाने आणि पाण्याने चिंब होऊन माझ्याकडे आला. हे आजोबा त्याचेच. मला सुनवायची वाक्ये केव्हाच विरघळली होती. त्याने मात्र आपण होऊन विषय काढला. "चुकला साहेब, सांगूक व्हया होता. पैशे परत घेवा." मी अर्थातच घेतले नाहीत. पण एक शंका होती ती विचारली. डॉल्फिनच्या एका फेरीत त्याला जेवढे मिळाले असते, तेवढे या सकाळच्या वाट्यात खचित मिळाले नसावे. शिवाय पर्यटक दररोज येतो, थवा दररोज येत नाही. मग हा तोट्याचा व्यवहार कशाला?

तो जरा गोंधळला. एवढ्या सोप्या गोष्टीला कारण द्यावे लागेल, असे त्याला वाटले नसावे. मग आजोबांकडे पाहून म्हणाला, "उद्या मी म्हातारो झालंय म्हणजे माझ्या वाट्याची दोरी कोण ओढतलो?"

संध्याकाळी पडवीत आजोबांशी गप्पा झाल्या. तरुणपणी ते मुंबईला गिरणीत होते. 1982 चा संप झाला, गिरणी सुटली, गावी परतले ते रापणीवर. मी त्यांना सान लोकांची गोष्ट सांगितली. त्यांतल्या जुहोआन्सी नावाच्या लोकांत अशी पद्धत होती की, शिकार मारणाऱ्याची नसे. ज्याचा बाण लागला त्याची, आणि मांस वाटण्याचा मानही त्याचा. बाण एकमेकांना देण्याघेण्याची चाल असल्यामुळे शिकारी पुष्कळदा दुसऱ्याच्या बाणाने मारी. म्हणजे ज्याचे पाय थकले, नजर मंदावली, असा म्हातारा आपला बाण तरण्याच्या भात्यात ठेवून देई आणि घरबसल्या वाटणीचा धनी होई.

आजोबांना ही गोष्ट मनापासून पटली. "बाण जेचो, मांस तेचा. बरोबर असा," ते म्हणाले. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला, "थंय दर्यो नाय, नदी नाय. मगे पाणी खयसून आणतत?" मी सांगितले की, ओलसर वाळूत पोकळ काडी खोल खुपसून पाणी तोंडाने ओढतात आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचात साठवतात. यावर ते बराच वेळ विचार करीत होते. किनाऱ्यावरच्या माणसाला गोड्या पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

पुढची हकीकत सांगताना मलाच बरे वाटेना. 1961 साली कलहारीच्या मध्यभागी मोठे राखीव रान ठरवले गेले. सान लोकांनी तिथेच राहावे हाही हेतू होता. पण 1997 आणि 2002 साली बोत्स्वाना सरकारने त्यांना तिथून हलवून बाहेरच्या वसाहतींत नेले. ते न्यायालयात गेले आणि 2006 च्या डिसेंबरात जिंकले. तरी विहिरीचे पाणी वापरू देईनात. त्यासाठी पुन्हा भांडावे लागले, आणि तो हक्क 2011 साली मिळाला. आता पर्यटक तिथे जातात, सान माणसे त्यांना जुनी शिकार करून दाखवतात, छायाचित्रे निघतात.

"आमचापण काडतत," आजोबा म्हणाले. सकाळी दोराच्या आत, जाळ्याच्या वाटेत उभे राहून छायाचित्रे घेणाऱ्या दोन कुटुंबांना त्यांनी दोनदा हटकले होते. ती कुटुंबे आमच्यासारखीच होती. आम्ही त्या दिवशी त्यांच्यात नव्हतो, ते केवळ होडीवाला आला नाही म्हणून.

मालवणच्या समुद्रालाही एक राखीव रेघ आहे. 1987 साली इथे सागरी अभयारण्य जाहीर झाले, आणि आपल्या मासेमारीवर गदा येईल म्हणून मच्छीमारांनी त्याला विरोध केला. प्रवाळ वाचले पाहिजे हेही खरे. माझ्या मुलीने दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ ते पाहिले आणि रात्रभर त्याच गोष्टी सांगितल्या. पण आजोबांच्या तक्रारीचा रोख अभयारण्याकडे नव्हता, बाहेरच्या समुद्राकडे होता. यांत्रिक नौका पर्ससीन जाळ्याने थवेच्या थवे खोल पाण्यातच घेरून उचलतात. किनाऱ्याला येणारा मासा किनाऱ्याला पोचतच नाही. गोव्यात याच कारणावरून रापणकरांनी 1970 नंतरच्या दशकात मोठे आंदोलन केले होते. महाराष्ट्रात 1981 साली सागरी मासेमारीचा कायदा झाला, 2016 साली पर्ससीनवर कडक बंधने आली, 2017 साली केंद्राने प्रखर दिवे लावून मासेमारी करण्यास मनाई केली. एवढे कायदे का करावे लागले, ते रात्री किनाऱ्यावर उभे राहिल्यावर समजते. क्षितिजावर दूर एक उजेड दिसत होता. मला तो जहाजाचा वाटला. आजोबा त्याच्याकडे पाहून फक्त "हूं" म्हणाले.

दुसरी अडचण जमिनीवरची. रापण ओढायला मोकळा किनारा लागतो, दोन्ही बाजूंना शंभर शंभर पावले. तिथे आता छत्र्या, खुर्च्या, पाण्यावर धावणाऱ्या मोटारसायकली. या धंद्यातही गावचीच मुले आहेत, त्यांचीही पोटे आहेत, आणि आमच्यासारखे लोक येतात म्हणून त्यांची चूल पेटते. आजोबांनी त्यांना नावे ठेवली नाहीत. "पूर्वी ह्या किनाऱ्यार रापणीक रापण लागा," एवढेच म्हणाले, आणि बोटांवर काहीतरी मोजून मोजणे अर्धवट सोडले.

सौ.ने विचारले, "आजोबा, इतकं करून हे चालवता तरी कसं?"

"गावलो तर दिवाळी वयनी, नाय तर शिमगो," ते हसले.

वाट्याचे बांगडे वहिनींनी तिखल्यात घातले होते. त्रिफळांचा वास पडवीभर पसरला होता. जेवण झाल्यावर रोजच्याप्रमाणे ताईकडे फोन लावला. कन्येने तो माझ्या हातून हिसकावून घेतला आणि एका दमात सगळे सांगितले. दोर, केंड, आजोबा, वेटोळे. "आणि आबा, मला पण वाटा मिळाला! पूर्ण!"

अण्णांचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू येत होता. ते म्हणाले, "ते दोर गुंडाळायचं काम बसून करतात का गं?"

"हो, रेतीत बसून."

"मग गुडघ्यांना काही त्रास नाही," अण्णा म्हणाले.

मी फोन घेतला तेव्हा मला काही सुचेना. मी बांगड्यांचा भाव सांगितला.

तिसऱ्या दिवशी सहा वाजता होडीवाला स्वतः दारात उभा होता. आम्ही किनाऱ्यावर गेलो. आजोबा आधीच येऊन माडाला टेकून पाण्याकडे बघत बसले होते. समुद्र सगळीकडे एकाच रंगाचा होता. आकाशात एकही कुरव नव्हता. कन्येने होडीत चढण्याआधी विचारले, "आज रापण नाही?"

होडीवाल्याने आजोबांकडे पाहिले. आजोबांनी मान हलवली.

"आज शिमगो," तो म्हणाला, आणि होडी पाण्यात ढकलण्यासाठी आम्हां सर्वांना हात लावायला सांगितले.